आयएसए कार्ड आणि लिनक्स : भट्टीवर काही महिने वापरल्यानंतर

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं तापमान अजूनही आयएसए (जुन्या पीसीतला कार्ड बसवायचा बस) स्लॉटमधलं पीसीएल-७११बी हे सिग्नल वाचणारं कार्ड मोजतं. पेंटियम थ्रीचा बोर्ड, त्यावर विंडोज ९८ आणि डॉसच्या काळातला प्रोग्रॅम. हार्ड डिस्क आवाज करू लागली तेव्हा कार्ड तसंच ठेवून उन्हाळ्याआधी डेबियन १२ या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकली. पावसाळा सरला, नोंदी अखंड सुरू आहेत.

नवी विंडोज का नाही? डॉस आणि ९८ वर प्रोग्रॅम थेट आयओ पोर्टशी, म्हणजे कार्डाच्या पत्त्याशी, बोलायचा. एक्सपीपासून पुढे ते चालत नाही, कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, ड्रायव्हर लागतो. व्हिस्टात तर आयएसए कार्ड आपोआप ओळखण्याचा (प्लग अँड प्ले) आधार मुळातच बंद ठेवला. लिनक्समध्ये मात्र 'कोमेडी' नावाचा डेटा अॅक्विझिशनचा (मोजमापं गोळा करण्याचा) संच आहे, त्यात या कार्डाचा ड्रायव्हर आहे. हा संच २०२१ मध्ये, कर्नल ५.१३ मध्ये, स्टेजिंगमधून (कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागातून) मुख्य ड्रायव्हरांत आला. जुन्या कार्डांसाठी कोणीतरी एवढी मेहनत घेतली याचं मला फार अप्रूप वाटतं. कर्नल दुसऱ्या मशीनवर कंपाइल करून आयएसए आणि कोमेडीचे पर्याय चालू केले.

खरी कसरत बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. जंपरवालं (पिना जोडून सेटिंग करायचं) आयएसए कार्ड नंतरच्या पीसीआय बसच्या कार्डासारखं आपली ओळख स्वतः सांगत नाही. त्याचा पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हाक, द्यायची लाइन) आपणच कळवायचा. कार्डाचा पत्ता हेक्स २२०, आणि साउंड ब्लास्टर हे साउंड कार्डही नेमकं तिथेच बसतं, म्हणून ऑनबोर्ड साउंड बंद केला. आयआरक्यू 'लेगसी आयएसए'साठी राखून ठेवलाच पाहिजे, नाहीतर बायोस तो पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. आयएसएचा आयआरक्यू वाटून घेता येत नाही. मग कार्ड सापडल्यासारखं दिसतं, पण इंटरप्ट येतच नाहीत.

अचूकता पुरेशी आहे. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. ±५ व्होल्टच्या रेंजमध्ये ० ते ५ व्होल्टला त्यातल्या निम्म्या मिळतात. भट्टीचं तापमान व्होल्टमध्ये देणारा आमचा ट्रान्समीटर ० ते १२०० अंशांचा, म्हणजे एका पायरीला साधारण ०.६ अंश. टेंपरिंगला एवढं चालतं.

त्रास दिला तो नागपूरच्या हवेनं. कूलरच्या दमट हवेनं कार्डाच्या सोनेरी कडेवर थर बसतो आणि रीडिंग उड्या मारतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं की शांत. आता मशीन कूलरच्या झोतापासून लांब ठेवलं आहे.

खटकतं ते एकच. डेबियन १३ ला ३२ बिटचा कर्नल आणि इन्स्टॉलर नाही. मायक्रोचॅनेल या अशाच जुन्या बसचा आधार तर २०१२ मध्येच, ३.५ मध्ये, लिनक्स कर्नलमधून गेला होता. त्यामुळे हे मशीन इंटरनेटला जोडत नाही, कर्नल आहे तोच ठेवतो, सोर्ससकट डिस्कची प्रत वेगळी काढली आहे. असंच जुनं कार्ड कोणाकडे चालू असेल तर ड्रायव्हरचा सोर्स आजच उतरवून ठेवा.