"आजी शांत झोपल्यात" असं ती रोज सांगायची

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात आई मागच्या पडवीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून रोज थोडं चालवा, एका कुशीवर फार वेळ ठेवू नका. आई ७८ वर्षांची, घर पेडणे तालुक्यात, मी पणजीत नोकरीला आणि दादा पुण्यात. बाई ठेवायची हे त्याच संध्याकाळी घाईघाईत ठरलं.

म्हापशातल्या एका ब्युरोचा नंबर ओळखीतून मिळाला. "ताई, तुम्ही निश्चिंत राहा. ट्रेन्ड नर्स पाठवतो. चोवीस तास राहील, रात्रीही जागी असेल," असं फोनवरचा माणूस म्हणाला. नोंदणीचे ६,००० आणि दोन महिन्यांचे आगाऊ ५४,००० रुपये मी त्याच्या स्वतःच्या खात्यावर मोबाइलवरून पाठवले. ब्युरोच्या नावाचं खातं का नाही, हे विचारलं नाही. पावती मागितली, ती शेवटपर्यंत आली नाही. बाईच्या आधार कार्डाचा फोटो आणि सहा महिन्यांच्या कसल्याशा कोर्सच्या सर्टिफिकेटची रंगीत झेरॉक्स मात्र लगेच आली. नर्स असेल तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो आणि अटेंडंटचं शिक्षण वेगळं असतं, हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता. तो मी विचारायला हवा होता.

बाई आली. नीटनेटकी, हसतमुख. पहिल्याच दिवशी तिने आईच्या पायांना तेल लावलं, स्वयंपाकघर लख्ख केलं. शेजारची काकीही म्हणाली, नशीब काढलंस. आम्ही तिच्यात जे पाहिलं ते एवढंच होतं: गोड बोलणं, कामाचा उरक आणि कशालाही नाही न म्हणणं. आज मला वाटतं, आजारी म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवायच्या बाईत या तिन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी बघाव्यात.

मी रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करायची. "आत्ताच जेवून झोपल्या आजी. एकदम शांत," असं म्हणत ती फोन पलंगाकडे वळवायची. आई पांघरुणात, डोळे मिटलेले. मी आभार मानायची. शनिवारी जायची तेव्हा आई जागी असायची, पण बोलताना जीभ जड, कधी मला मावशीच्या नावाने हाक मारायची. वय झालं, ऑपरेशनचा धक्का बसलाय, असं मी मनाशी म्हटलं. रोज चालायला सांगितलेलं माणूस सातच्या सुमाराला कायम गाढ झोपेत कसं, हा प्रश्न मला पडला नाही. याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळी घरी जमली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला फळं बांधणं चाललं होतं. दरवर्षी खाली उभी राहून कुठे काय बांधायचं ते आई सांगते, त्या वर्षी ती आत झोपून होती. माझी मावसबहीण परिचारिका आहे. आत येऊन तिने आईला कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. माकडहाडावर वाटीएवढी जखम होती, मधोमध काळी पडलेली. दोन्ही टाचाही लाल झालेल्या. बहिणीने टाच बोटाने दाबून दाखवली. दाबल्यावरही लाली फिकी पडत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात असते, आणि त्याच वेळी तिथला भार काढला तर बहुतेकदा जखम टळते. आईच्या पाठीवर ती वेळ कधीच निघून गेली होती.

मग बहिणीने औषधं तपासली. तांदळाच्या डब्यामागे अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या गोळीच्या पट्ट्या सापडल्या. डॉक्टरांनी हे औषध लिहून दिलेलं नव्हतं. चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही. रोज रात्री आणि पुढे दुपारीही ते आईला पेजेतून दिलं जात होतं, म्हणजे बाईला झोप मिळावी. गुंगीतलं माणूस कूस बदलत नाही, म्हणून जखम. उठलं तर तोल जातो, म्हणून चालणं बंद. गिळण्याची शुद्ध राहत नाही, घास श्वासनलिकेत जायची भीती. ज्याला आम्ही वयाचा विसर म्हणत होतो, तोही त्या गोळीमुळेच. इतके दिवस दिलेली ती गोळी एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. जखमेतला मेलेला भाग काढावा लागला आणि ती भरायला सहा महिने गेले.

बाईला विचारलं तेव्हा ती रडली. ब्युरो तिला आमच्या २७,००० पैकी १३,००० द्यायचा, सुट्टी नाही, आणि आधीच्या घरातून थेट इकडे पाठवलेलं. हे खरं असेलही, पण आईला गोळ्या घालण्याची ती सबब होऊ शकत नाही. मात्र "चोवीस तास, रात्रीही जागी" हे एका माणसाला जमणारच नाही, हे मलाही कळायला हवं होतं. कोणी तसं कबूल करत असेल तर तिथेच फोन ठेवा. रात्रीची वेगळी बाई ठेवा, नाहीतर घरातल्या कोणीतरी रात्र वाटून घ्या.

ब्युरोच्या माणसाने दोनदा फोन उचलला, "बदली बाई देतो" म्हणाला, मग नंबर बंद. पत्त्यावर गेले तर तिथे झेरॉक्सचं दुकान. पोलिसांत लेखी तक्रार दिली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली. पण पावती नाही, करार नाही, खातं एका व्यक्तीचं. पैसे अजून आलेले नाहीत. घरकामाला ठेवलेल्या माणसाची माहिती पोलिस स्थानकात द्यायचा फॉर्म असतो, तो मी आधीच भरला असता तर त्या माणसाने कदाचित बाई पाठवलीच नसती. दूर राहणाऱ्यांनी ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा नंबरही आईवडिलांच्या फोनमध्ये घालून ठेवावा.

आता गावातलीच एक बाई दिवसा येते, रात्री मी असते. मी बदली घेतली. तिला घेताना मी वेगळं विचारलं: आधीच्या घरी काय चुकलं होतं आणि ते तुम्ही घरच्यांना कधी सांगितलंत? तिने सांगितलं, एका काकांना अंघोळ घालताना तिच्या हातून ते घसरले होते, आणि तिने तिथूनच मुलाला फोन केला होता. त्या घरी मी स्वतः फोन करून खात्री केली. वाईट बातमी आपणहून सांगणारी बाई, हा गुण मी आधी कधी शोधलाच नव्हता.

पहिल्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही. आईजवळ बसली, पाठ आणि टाचा उघडून पाहिल्या. "दुखता काय गो?" म्हणाली. आधीच्या बाईला मोडक्या हिंदीत दुखणं सांगायला न जमलेली माझी आई त्या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं बोलत होती.

तिची एक वही आहे, दोनशे पानी, दर दोन तासांची नोंद. मी रोज रात्री वाचते. कालची एक ओळ अशी: "४ वाजता कूस बदलली. डावी टाच थोडी लाल, उशी खाली दिली. काकी चिडल्या, चालायला नको म्हणाल्या. दाराशी नेऊन परत आणलं."