गुडघ्यात पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) घेतलं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जिना चढताना फारसं काही व्हायचं नाही, उतरताना मात्र उजव्या गुडघ्यातून अशी कळ यायची की मी कठडा घट्ट धरून एकेक पायरी तिरकी उतरायला लागले होते. वय ६१. दोन वर्षं मलम, शेक, क्रेप बँडेज, मधूनमधून पेनकिलर असं सगळं करून झालं आणि शेवटी मुलीनेच एका रिजनरेटिव्ह मेडिसिनवाल्या (शरीराची झीज शरीराच्याच पेशींनी भरून काढू म्हणणाऱ्या) क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. क्लिनिकचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण चांगलं आणि खटकलेलं दोन्ही मोकळेपणाने लिहायचंय, आणि ज्यांचे गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतायत त्यांना उपयोग व्हावा एवढंच मनात आहे.

वेटिंगमध्ये बसलं की समोर मोठं पोस्टर, झिजलेली गादी पुन्हा तयार होते, पेशी पुन्हा तरुण होतात वगैरे. मी ते खरं मानूनच आत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे लाईटवर लावला, पेन्सिलीने दोन हाडांमधली फट दाखवली, आतल्या बाजूला कमी झालेली, आणि म्हणाले तुमची ग्रेड २ आहे, चारपैकी, चार म्हणजे सगळ्यात जास्त झीज. (हे ग्रेडिंग १९५७ पासून चालत आलंय, केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांच्या नावाने ओळखतात, तुमच्या रिपोर्टवर केएल ग्रेड लिहिलेलं असेल तर ते हेच.) मग मी विचारलं, गादी परत येईल ना? ते सरळ म्हणाले, "नाही ताई, तशी आशा ठेवून इंजेक्शन घेऊ नका." बाहेर पोस्टर एक सांगतंय आणि आत डॉक्टर दुसरं, पण मला त्या क्षणी डॉक्टरांबद्दल विश्वास वाटला, आणि तो शेवटपर्यंत टिकला.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. हाताला कापलं तर भरून येतं कारण तिथे रक्त पोचतं, रक्ताबरोबर प्लेटलेट्स येतात, त्या गाठ धरतात आणि त्यांच्या आतल्या बारीक पिशव्यांतून ग्रोथ फॅक्टर सोडतात, म्हणजे आजूबाजूच्या पेशींना दिलेला निरोपच की इथे कामाला लागा. गुडघ्यातल्या कूर्चेत, म्हणजे त्या गादीत, रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे तो निरोप तिथे नीट पोचत नाही, आणि तिथल्या पेशी मुळात कमी आणि संथ. वय वाढलं की दुरुस्ती करणाऱ्या पेशी एकदम संपून जातात असं नाही, पण त्या उशिरा जाग्या होतात, आणि काही पेशी विभागणं थांबवून नुसत्या बसून राहतात आणि आसपास सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. पेशी अमर्याद विभागत नाहीत हे हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवलं होतं, साधारण ४० ते ६० वेळा, मग थांबतात. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स एकवटून तो निरोप मुद्दाम सांध्यात नेऊन सोडायचा. नवीन गादी बसवणं नाही, आतली सूज कमी करून दुखणं हलकं करायचा प्रयत्न.

आणि त्यांनी विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला, हे मला फार मोलाचं वाटलं. २०२१ मध्ये एक मोठी ट्रायल आली होती, २८८ माणसं, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि वर्षाने बघितलं तर दुखण्यातही फरक नाही आणि कूर्चेच्या आकारमानातही नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत पीआरपीचा निकाल ह्यालुरोनिक ॲसिडपेक्षा (सांध्यात वंगणासारखं टोचतात ते) बरा आलाय. म्हणजे मामला अजून पक्का नाही, हे ऐकून मी घरी गेले, आठवडाभर विचार केला आणि मग हो म्हटलं. घाई कुणी केली नाही, याला पूर्ण मार्क.

इंजेक्शनच्या दिवशी दंडातून साधारण ३० मिली रक्त घेतलं. टेक्निशियन ताईंनी नळी मशीनमध्ये फिरवून आल्यावर मला हातात धरून दाखवली, खाली गडद लाल थर, वर वाळलेल्या गवताच्या रंगाचं पिवळं पाणी, आणि दोन्हीच्या मधे अगदी नखाएवढा पांढुरका पट्टा. म्हणाल्या, सगळा खेळ या पट्ट्याच्या आसपासचा. मला तो पट्टा बघून उगाच भरून आलं, आपल्याच अंगातलं काहीतरी आपल्याच मदतीला येतंय असं वाटलं. सोनोग्राफीवर बघून सुई घातली, टोचल्याचं दुखलं नाही पण आत औषध जाताना गुडघा भरून आल्यासारखा ताण येतो, मिनिटभर.

खरं दुखणं दुसऱ्या दिवशी. गुडघा सुजला, गरम झाला, दोन रात्री नीट झोप नाही. त्यात नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक सगळं बंद, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामातच अडथळा आणतात, फक्त पॅरासिटामॉल आणि बर्फ. हे त्यांनी आठवडाभर आधीच लिहून दिलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर मात्र आपल्या मनाने काही बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आता खटकलेलं. पहिलं म्हणजे माझ्या गुडघ्यात किती प्लेटलेट्स गेल्या ते कुणीच मोजलं नाही. नॉर्मल रक्तात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात, माणसागणिक एवढा फरक, मग पीआरपीमध्ये किती आल्या, दुप्पट की पाचपट, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, हे रिपोर्टवर यायला नको का? मी विचारलं तर काउंटरवर उत्तर मिळालं, मशीन करतं ते सगळं. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, इथे काहीच नाही, हे बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं.

दुसरं जास्त गंभीर. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी क्लिनिकमधून फोन, काउन्सेलर म्हणून कुणीतरी, स्टेम सेलचं (ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींचं) पॅकेज आहे, दोन्ही गुडघे, शिवाय नसेतून एक डोस म्हणजे "पूर्ण शरीराची रिपेअर". तीनदा फोन आला. मी डॉक्टरांना भेटून विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला, म्हणाले मी तुम्हाला हे सुचवलेलं नाही. स्टेम सेल म्हणजे सगळंच खोटं असं अजिबात नाही, रक्ताच्या कॅन्सरमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट (त्यातही स्टेम सेलच देतात) कित्येक दशकं जीव वाचवतंय, डॉनल थॉमस या डॉक्टरांना त्यासाठी १९९० चं नोबेल मिळालं. पण गुडघ्यासाठी जे विकलं जातं त्यातल्या पेशी आत जाऊन नवीन कूर्चा होतात असं सिद्ध झालेलं नाही, ज्या अर्नोल्ड कॅप्लन या संशोधकांनी १९९१ मध्ये त्या पेशींना मेसेनकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव बदला, या पेशी मुख्यतः संदेश सोडतात. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या तीन बायकांची केस छापून आली, पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचल्या आणि तिघींची नजर गेली. हे वाचल्यावर मी त्या फोनवाल्यांना स्पष्ट सांगितलं, परत फोन करू नका. वयस्कर माणूस दुखण्याने कंटाळलेला असतो, त्याला पूर्ण शरीराची रिपेअर म्हटलं की तो साठवलेले पैसे काढून देतो, म्हणून यावर मी एवढं लिहितेय.

आता फरक पडला का? पडला. सहा आठवड्यांनी कळ कमी झाली, तीन महिन्यांनी जिना बराच सुटसुटीत, आठव्या महिन्यात आता थोडं दुखणं परत आलंय पण पहिल्याएवढं नाही. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, इंजेक्शनबरोबरच माझी फिजिओथेरपी सुरू झाली, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त श्रेय तिचं. फिजिओ करून घेणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी मला हात छातीशी धरून खुर्चीतून उठबस करायला लावली, ३० सेकंदात किती होतात ते मोजायला. ९ झाल्या, शेवटच्या दोन तर दात खाऊन. गेल्या महिन्यात १४. पाय सरळ उचलणं, घोट्याला अर्ध्या किलोचं वजन बांधून गुडघा ताठ करणं, रबरी पट्टा, आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रत्येक दोन आठवड्यांनी ती थोडं वजन वाढवतेच, कितीही तोंड वाकडं केलं तरी.

मी एकदा म्हटलं, या वयात कसले स्नायू वाढणार गं. तर तिने सांगितलं की स्नायूच्या धाग्यांना चिकटून राखीव पेशी असतात, सॅटेलाईट सेल म्हणतात, ताण पडला की त्या जाग्या होऊन धागा दुरुस्त करतात, आणि म्हातारपणीही त्या असतात. १९९० मध्ये नव्वदीच्या घरातल्या अशक्त माणसांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला होता तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदी! मी ६१ ची, त्यानंतर मी तक्रार केली नाही. कूर्चा परत येत नाही पण तिच्यावरचा भार वाटून घेणारी मांडी परत येते, हे मला कुठल्याच पोस्टरवर दिसलं नाही.

डॉक्टरांना आणि टेक्निशियन ताईंना ५ पैकी ५, फिजिओला त्याहून जास्त देता आले असते तर दिले असते, क्लिनिकच्या जाहिराती आणि फोन करणाऱ्यांना १. तुमची ग्रेड १ किंवा २ असेल, हाडावर हाड घासत नसेल, आणि व्यायाम खरोखर करणार असाल तर डॉक्टरांशी बोलून विचार करा. ग्रेड ४ असेल आणि कुणी पीआरपीने ऑपरेशन नक्की टळेल म्हणत असेल तर दुसऱ्या ऑर्थोपेडिकला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका. आणि जाल तिथे प्लेटलेट काउंट लेखी मागा, जेवढे जास्त लोक मागतील तेवढं ते द्यावं लागेल.

डावा गुडघा आता थोडा बोलायला लागलाय. त्यात इंजेक्शन घ्यायचं की नाही ते अजून ठरवलं नाहीये, सध्या रबरी पट्टा त्यालाही लावलाय, खुर्चीचा आकडा १६ झाला की डॉक्टरांकडे जाऊन बोलायचं असं फिजिओबरोबर ठरलंय.