केनाईच्या वाळूवर जुलै : डिपनेटसाठी सहकुटुंब तळ

जून संपत आला की अलास्कातल्या अँकरेजमधल्या आपल्या मराठी मंडळींत एकच चर्चा. केनाईला जायचं का, आणि जायचं तर पोराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना न्यायचं का? आम्ही सगळे गेलो, तंबू ठोकून राहिलो. माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण वाऱ्याने आणि वाळूने खाल्ला.

आधी हिशेब सांगते. केनाई नदीच्या मुखाशी 10 ते 31 जुलै डिपनेटने, म्हणजे लांब दांड्याच्या जाळ्याने, सॅल्मन धरता येतो, एरवी सकाळी 6 ते रात्री 11. कुटुंबप्रमुखाला 25 मासे आणि घरातल्या पुढच्या प्रत्येक माणसामागे 10. आम्ही चौघं, म्हणजे 55. बहुतेक सॉकायच असतो, म्हणजे लाल मांसाचा सॅल्मन, एकेक अडीच किलोच्या आसपास. परमिटला पैसे पडत नाहीत, पण अलास्कात सलग 12 महिने राहिलेल्यांनाच ते मिळतं. मोठ्या माणसांना मासेमारीचं लायसन्स वेगळं. वेंगुर्ल्याहून आलेल्या आमच्या सासूबाई त्यामुळे ना कोट्यात धरल्या गेल्या, ना त्यांना जाळ्याला हात लावता आला. जन्मभर बंदरावर मासळी पारखलेली बाई घडीच्या खुर्चीत बसून लोकांचं पाण्यातलं कौशल्य बघत होती, आणि तिचं तोंड गप्प नव्हतं.

अँकरेजहून गाडीने तीन-साडेतीन तास. किनाऱ्यावर शिरतानाच गाडीचे आणि तंबूचे पैसे भरायचे. तंबू भरतीच्या रेषेपासून चांगला वर ठोका. इथल्या समुद्राच्या खाडीचं, कुक इनलेटचं, पाणी सहा-सहा मीटर चढतं-उतरतं. सकाळी जिथे पोरं खेळली तिथे दुपारी माणूस बुडेल. आभाळ मोकळं असलं तर समोर रिडाउटचा बर्फाळ ज्वालामुखी दिसतो, मागे वर गावात जुन्या रशियन चर्चचे निळे घुमट. हे बघायला वेळ मिळतो, कारण भरपूर वेळ नुसतं थांबायचंच असतं.

पाण्यात छातीपर्यंतचे रबरी वेडर (बुटांसकट विजार) घालून उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून रांगेत. पाच फुटांपर्यंत व्यासाचं कडं, त्याला जाळ्याची पिशवी. ते उभं धरायचं. मासा आपटला की हाताला धक्का कळतो. कडं आडवं करायचं आणि उलट पावली जाळं ओढत वाळूवर यायचं. एवढंच तंत्र, पण पाणी बर्फासारखं असतं आणि तासाभरात खांदे बोलायला लागतात. एका दुकानातून भाड्याने आणलेल्या आमच्या जाळ्याचा दांडा दुसऱ्याच भरतीला वाकला. जाळं विकतच घ्या, दांडा जाड बघून. किंग सॅल्मन (सॅल्मनची सगळ्यांत मोठी जात) लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. त्याची संख्या फार घटली आहे.

मत्स्यखातं रोज नदीतल्या सॉकायचा आकडा जाहीर करतं. सगळे तो बघून गाड्या काढतात. पण ध्वनिलहरींनी मासे मोजणारं सोनार यंत्र मुखापासून 19 मैल आत आहे. आज जे मासे मोजले गेले ते तुमच्या तंबूसमोरून आधीच गेलेले असतात. आकडा फुगलाय म्हणून पळत आलेली मंडळी कोरड्या जाळ्याने उभी दिसली ती उगीच नाही. आकडा चढायला लागायच्या आतच जाऊन बसलेलं बरं. तळ ठोकण्याचा खरा फायदा हाच : भरती पहाटेची असो की रात्रीची, तुम्ही तिथेच असता. आणि अकरा वाजतासुद्धा उजेड असतो.

मासा बाहेर आला की डोक्यात दणका, कल्ला कापून रक्त काढायचं, शेपटीची दोन्ही टोकं कात्रीने छाटायची (हा घरच्यासाठी धरलेला मासा आहे, विकायचा नाही, याची ती खूण), परमिटवर नोंद करायची. आमच्याकडे कात्री थोरल्या लेकीकडे आणि पेन धाकट्याकडे होतं. दोघांनी फोन मागितला नाही, हे मी वेगळं लिहून ठेवते.

नोंद झाली की सासूबाईंचं राज्य सुरू. शेजारचं कुटुंब नुसत्या दोन लांब तुकड्या काढून डोकी, गाबोळी सगळं टाकायला निघालं होतं. सासूबाई उठल्याच. "अगो, गाबोळी टाकतत कित्याक?" शेजारीण हसली, आणि बादलीभर गाबोळी आमच्या तंबूत आली. हळद-मीठ-तिखट लावून रव्यात, कॅम्पच्या शेगडीवर. डोक्यांचं कालवण कोकम आणि तिरफळं घालून. सॉकायचा तेलकटपणा तिरफळाला बांगड्यासारखाच मानवतो. नारळ डब्यातला होता, त्यावर त्या दोन दिवस बोलल्या. संध्याकाळी शेजारणीचा नवरा भांडं घेऊन परत आला.

किनाऱ्यावर केनाइट्झे जमातीचंही जाळं लागतं, 1989पासून. त्यांची पोरं वडीलधाऱ्यांकडून मासा धरायला, कापायला, धुरावायला तिथे शिकतात. नदी मुळात त्यांची, आपण पाहुणे. त्यांच्या जागेत तंबू घुसवू नका.

गैरसोयी आहेतच. वाळू भातातही येते. सीगल इतके धीट की पातेल्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवावा लागतो. शनिवार-रविवारी गर्दी, कुत्री, चारचाकी बाइकींचा धूर. वासाचं नाक मुरडणाऱ्यांनी येऊच नये. तीन वर्षांखालच्या मुलांना मी तरी आणणार नाही, पाण्याला ओढ आहे. बर्फ मात्र वाटतो त्याच्या दुप्पट न्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत मासा मऊ पडतो.

आणि 15 ऑगस्टच्या आत परमिटचा हिशेब ऑनलाइन भरा, एकही मासा मिळाला नसला तरी. नाही भरला तर पुढच्या वर्षीचं परमिट अडतं.