चिंक्वे तेर्रे की अमाल्फी?
इटलीच्या समुद्रकाठासाठी तीनच दिवस असतील, तर वायव्येचं चिंक्वे तेर्रे आणि दक्षिणेचं अमाल्फी, दोन्हीकडे धावायचा हट्ट सोडा.

चिंक्वे तेर्रेची पाचही गावं रेल्वेनं जोडलेली आहेत. शेजारच्या ला स्पेझिया शहरात मुक्काम स्वस्त पडतो, पुढे एका गावाहून दुसऱ्या गावाला काही मिनिटं. अपवाद कोर्निल्याचा: स्टेशनवरून गावात चढायला ३८२ पायऱ्या. दरडींमुळे किनाऱ्याची पायवाट मधूनमधून बंद असते, आधी चौकशी करा.

अमाल्फीत रेल्वे नाहीच. सोरेंतो शहराहून येणारी बस उन्हाळ्यात अरुंद वळणांवर रखडते, वाटेतल्या पोझितानो गावाला येईपर्यंत खचाखच भरते. बस लागणाऱ्यांचे तर हालच. त्यापेक्षा जवळच्या सालेर्नो शहरात राहून बोटीनं जावं. हिवाळ्यात मात्र बोटी बंद.

चालायची हौस आणि हिशोबी खिसा असेल तर चिंक्वे तेर्रे. पॉम्पेईचे प्राचीन अवशेष, रावेल्लो गावातल्या बागा जोडून हव्या असतील, हात जरा सैल सोडता येत असेल, तर अमाल्फी.