बाथरूममधला क्षार: काढण्याचे आणि रोखण्याचे पर्याय

पाणीतपासणीच्या अहवालात ‘पिण्यायोग्य’ असा शेरा असूनही नळांवर पांढरा थर चढतो, यात विसंगती काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) स्वीकार्य असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. मात्र २०० च्या आतल्या पाण्यानेही डाग पडतात आणि बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचा आकडा अनेकदा त्याहून बराच वर असतो.

साचलेला थर मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने तो आम्लातच विरघळतो. साबण किंवा डिटर्जंट घासून हात तेवढे दुखतात. आम्ल कोणते, एवढाच प्रश्न उरतो. व्हिनेगर सौम्य आणि घरात हाताशी असते, पण त्यात ॲसेटिक आम्ल जेमतेम चार-पाच टक्के असल्यामुळे जुन्या थरावर ते फार वेळ घेते, शिवाय वास दिवसभर रेंगाळतो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, माझ्या मते उजवे ठरते: लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पुरतात आणि वास येत नाही. पाणी उकळते मात्र नसावे, कारण त्यात न विरघळणारे कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन नवाच पांढरा साका बसतो. शॉवरची चाळणी काढता येत नसेल तर हे द्रावण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती चाळणीभोवती रबरबँडने बांधावी. लगेच बारीक बुडबुडे सुटू लागतात, ते थांबले की जुन्या टूथब्रशने छिद्रे घासावीत.

हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर सर्वांत झटपट काम करतो, पण त्याची जागा कमोडमध्येच. नळाचे क्रोमियम आणि टाइलांमधल्या फटींचे सिमेंट तो खातो, आणि ब्लीचमध्ये मिसळला गेला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे मुळात कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड असल्याने त्यांच्यावर लिंबूसत्त्वसुद्धा वापरू नये.

प्रतिबंधाचे म्हणाल तर सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत कंटाळवाणा आहे: आंघोळ झाल्यावर काचेवरून आणि टाइलांवरून वायपर फिरवायचा, नळ फडक्याने कोरडे करायचे. थेंब जागेवर वाळला नाही तर डाग पडणारच नाही. गीझरच्या आतला थर याने थांबत नाही. तिथे तापमान ५०–५५ अंशांवर ठेवल्याने फरक पडतो, कारण पाणी जितके तापेल तितका क्षार अधिक बाहेर पडतो. नळाच्या पाइपावर बसवण्याच्या चुंबकांचा परिणाम भरवशाचा नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

रेझिनचा (बारीक कृत्रिम मण्यांचा) सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे क्षाराचा थर खरोखर बसत नाही आणि साबणालाही भरपूर फेस येतो. त्याबदल्यात रेझिनला ठरावीक काळाने मिठाचे पाणी द्यावे लागते आणि ते खारट पाणी ड्रेनेजमध्ये जाते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हा खटाटोप परवडणारा नाही. तिथे वायपर आणि लिंबूसत्त्व पुरे. स्वतःचा बंगला असेल, कठीणपणा ३००–४०० च्या वर असेल आणि गीझरची कॉइल वारंवार बदलावी लागत असेल, तर सॉफ्टनर अवश्य घ्यावा. फक्त घरात कुणाला मीठ कमी खाण्याचा सल्ला दिला असेल तर स्वयंपाकघराच्या नळाची लाइन त्यातून वगळून घ्यावी, हे प्लंबरला काम सुरू होण्याआधीच सांगावे.