‘शाळा’ की ‘किल्ला’?

घरात नववीतला मुलगा आहे, रविवारी एकत्र बघायला या दोन मराठी चित्रपटांतला कुठला, असं मावसबहिणीनं विचारलं.

आठवणींचा रंग ‘शाळा’त जास्त गडद. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंदची शिरोडकर या मुलीसाठीची घालमेल. पण मिलिंद बोकीलांची मूळ कादंबरी वाचलेल्याला चुटपुट लागते. तिथे मुकुंद मनातल्या मनात अखंड बोलतो, पडद्यावर ते बरंचसं हरवतं, आणि आणीबाणी मागे नेपथ्यासारखी उरते.

अविनाश अरुणचा ‘किल्ला’ (२०१५) कथेत बारीक, नजरेत श्रीमंत. लहानग्या चिन्मयचे वडील गेलेत, आईची बदली कोकणात. सायकलींची शर्यत लावून मुलं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय त्या भिंतींत एकटाच मित्रांना हाका मारत फिरतो. त्याचा राग कुणी समजावून सांगत नाही, तरी तो पोचतो. अमृता सुभाषची आई तर विलक्षणच! संथपणा मात्र आहे, आणि आईच्या कार्यालयाचा धागा अर्धवट वाटतो.

अभिनय दोन्हींत उत्तम.

पहिल्या प्रेमावर मुलाशी मोकळं बोलायचं असेल तर ‘शाळा’. गाव-शाळा बदलल्यानं किंवा घरातलं माणूस गेल्यानं मूल मिटलं असेल, तर ‘किल्ला’च.