रात्री मुलाला श्वास लागला: सकाळपर्यंत थांबावं की लगेच निघावं?

रात्री दीड वाजता आमचा दोन वर्षांचा मुलगा खोकत उठला. झोपताना नाक तेवढं वाहत होतं. आता खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येत होता आणि श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज निघत होता. आत्ताच न्यायचं की सकाळी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायचं, यावर आम्हा दोघांचं पाऊण तास चाललं. शेवटी गेलो. पण त्या पाऊण तासात आम्ही फक्त खोकला ऐकत बसलो होतो, आणि पाहायला हवी होती छाती.

निर्णय आवाजावर करू नका. दिवा लावा, सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट नुसतं पाहा. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये एक खळगी असते. ती प्रत्येक श्वासाला आत खेचली जाते का? बरगड्यांच्या मधली कातडी आत जाते का, पोट जोरात उडतंय का, नाकपुड्या फुलतायत का? मूल शांत असताना किंवा झोपेत श्वासही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. तापातही श्वास वाढतो, म्हणून आकडा आणि छाती दोन्ही एकत्र बघायचं.

भुंकल्यासारख्या खोकल्याच्या या आजाराला क्रूप म्हणतात. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तो जास्त होतो. विषाणूमुळे स्वरयंत्राखाली सूज येते. तान्ह्या बाळाची तिथली वाट जेमतेम 4 मिमी रुंद असते. चहूबाजूंनी 1 मिमी सूज आली तर 2 मिमी उरते, म्हणजे हवेला पूर्वीच्या चौथाईच जागा. मोठ्या माणसाचा ज्या सर्दीत फक्त आवाज बसतो, तिच्यात मुलाचा श्वास अडतो तो यामुळे.

घरी थांबण्याच्या बाजूने बरंच काही आहे. बहुतेक क्रूप सौम्य असतो. चिरका आवाज फक्त रडताना येत असेल, शांत झाल्यावर जात असेल, मूल पाणी पीत असेल, ओळखीनं हसत असेल, छाती आत ओढली जात नसेल, तर घरी थांबायला हरकत नाही. मांडीवर उभं धरून बसायचं, रडू द्यायचं नाही. रडण्यानं सुजलेली वाट आणखी अडते. थंड हवेनं आराम पडतो, म्हणून अंगावर पांघरूण घालून उघड्या खिडकीशी बसता येतं. वाफ मात्र देऊ नका. क्रूपमध्ये तिचा उपयोग दिसलेला नाही, आणि गरम पाण्यानं भाजण्याची भीती खरी आहे. खोकल्याचं औषधही नको. या बाजूची किंमत एकच, पण ती पूर्ण मोजावी लागते: एका मोठ्या माणसानं रात्रभर जागं राहून छाती पाहत राहायचं. तेवढं होणार नसेल तर घरचा पर्याय तुमच्यासाठी नाही. सकाळी मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचंच, कारण क्रूप पुढच्या रात्री पुन्हा उसळू शकतो.

इमर्जन्सीत घरी नसलेल्या गोष्टी मिळतात. बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात, लागला तर देतात. डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा एक डोस तोंडावाटे देतात. त्यानं काही तासांत सूज उतरते. त्रास जास्त असेल तर नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करून मास्कवाटे देणाऱ्या यंत्रातून, अ‍ॅड्रेनालिन. ते काही मिनिटांत काम करतं, पण दोनेक तासांत त्याचा असर ओसरतो. त्यामुळे मूल खेळायला लागलं तरी दोन ते चार तास थांबवून ठेवतात. तेवढ्यात घाई करून निघू नका. जाण्याचा तोटा म्हणजे जागरण, अनोळखी जागा, शेजारी खोकणारी दुसरी मुलं. माझ्या मते दुसऱ्या पारड्यात श्वास असताना हे वजन फार नाही.

आवाज श्वास सोडताना शिट्टीसारखा येत असेल तर गोष्ट वेगळी. लहान बाळांत तो बहुधा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची विषाणूमुळे येणारी सूज, असतो, आणि त्याचा जोर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. दुसऱ्या दिवशी बाळ ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. दूध नेहमीच्या निम्म्याहून कमी जात असेल तर दाखवायला न्या. दम्याचं निदान झालेल्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून) इनहेलर द्या. त्यानं आराम पडला नाही, किंवा पडलेला आराम चार तासही टिकला नाही, तर निघा.

काही वेळा मात्र तुलनेला जागाच नाही. ओठ निळे किंवा राखाडी, श्वास मध्येच थांबणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, मूल मलूल होऊन डोळे मिटणं, लाळ गिळता न येणं आणि पुढे झुकून बसणं. सर्दीताप काही नसताना खेळता-खाता अचानक श्वास अडकला, तर काहीतरी घशात गेलेलं असू शकतं. अशा वेळी अँब्युलन्सच बोलवा, तिच्यात ऑक्सिजन असतो. घशात चमचा घालून पाहू नका, मुलाला जबरदस्तीनं आडवं करू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास वेगळा वाटला तर मी घरी थांबण्याचा विचारच करणार नाही. आणि दंगा करणारं मूल एकाएकी गप्प झालं तर बरं वाटलं असं समजू नका. थकल्यामुळेही आवाज कमी होतो.

स्वतःच्या गाडीनं जायचं तर एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागे मुलावर नजर ठेवायची. निघण्याआधी उघड्या छातीचा, आवाजासकट अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. आम्ही काढला होता. वाटेत खिडकीतून थंड हवा लागली आणि दारापर्यंत पोचेतो तो चिरका आवाज जवळजवळ गेला होता. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग माझ्या मांडीवरच त्याच्या सदऱ्याची बटणं काढली, बराच वेळ नुसती छाती पाहिली, आणि त्यानंतर स्टेथोस्कोप लावला.